लाल लाकडी मासा

ऑक्टोबर सरत आला की मिटन तळ्याकाठची माणसं आपापले धक्के काढून घेतात. रिकाम्या पिंपांवर तरंगणारा लाकडी धक्का बर्फ धरायच्या आत ओढून घेतला नाही, तर वसंतात त्याच्या काटक्या गोळा करायची पाळी येते. लायल जूर्डेन त्या सोमवारी हेल्मी कांतोलाकडे आला तो याच कामासाठी. बरोबर त्यानं साखळी आणली होती आणि पोट रिकामं ठेवलं होतं, कारण हेल्मीच्या घरी वेलदोड्याची गोड पावरोटी असते हे तळ्याकाठी सगळ्यांना ठाऊक होतं.

लायल तिच्याच वयाचा, साठीचा. दोघं उभा जन्म शहरातल्या हौशी लोकांना होडीतून मासे दाखवत हिंडलेले. हेल्मीचा नवरा रेइनो हाही तसलाच वाटाड्या होता. तीन वर्षांपूर्वी शरदातच तो एकटा तळ्यावर गेला, आणि त्याची होडी तेवढी परत मिळाली. इंजिन चालू होतं, थर्मासमधली कॉफी कोमट होती. रेइनो नव्हता, त्याची गळाची काठीही नव्हती. पाणबुडे आले, दोन आठवडे शोधून गेले. तिथं पाणी खोल आणि गार, आणि गार पाण्यातला माणूस वर येत नाही.

हेल्मीनं कॉफीचा कप लायलपुढे ठेवला. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अजून मीठ घालतेस होय कॉफीत? तो खुळा गेला, आता तरी सोड की!"

"चिमूटभर घातलं तर मरत नाहीस तू." हेल्मी समोर बसली. "रोज सकाळी ओरडायचा बघ. 'म्हातारे, मीठ!' खुर्चीपासून मीठ हातभर लांब. आणि मी रोज म्हणायची, 'हात मोडलेत का? उठून घे.' चौतीस वर्षं हेच भांडण. त्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही रे. लग्न झालं त्या दिवसापासून मी म्हातारीच."

लायल हसला. मग त्याला खिडकीत ठेवलेलं पाद्र्याचं पत्रक दिसलं आणि त्याचं हसू मावळलं. कोर्टानं रेइनो मेल्याचं जाहीर केलं होतं. येत्या रविवारी चर्चमागच्या टेकडीवर त्याच्या नावाचा दगड बसवायचा होता.

"मी नाही बसवू देणार," हेल्मी म्हणाली. "रिकाम्या खड्ड्यावर दगड ठेवून काय रडायचं? माणूस आणते, मग दगड ठेवा."

"कुठून आणतेस?"

"जिथं आहे तिथून. अंगठ्यातून."

लायलनं कप खाली ठेवला. मिटन तळं वरून बघितलं तर हातमोज्यासारखं दिसतं, आणि त्याच्या एका अंगाला अंगठ्यासारखी लांबट खाडी आहे. रेइनोची होडी तिथं सापडली होती. ज्या पाण्यात माणूस राहिला त्या पाण्यात गळ टाकायचा नाही आणि तिथला मासा खायचा नाही, अशी तळ्यावरच्या वाटाड्यांची रीत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण तीन वर्षं कुणी मोडलीही नव्हती. त्यात हे दिवस तळं पालटण्याचे. थंडी पडली की वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि तळाचं पाणी वर येतं. त्याबरोबर सडक्या पानांचा, नासक्या अंड्यांचा वास येतो. तळ्यानं पोटातलं काढून दाखवावं असे ते चार-सहा दिवस असतात, आणि रेइनो नेमका त्याच दिवसांत गेला होता.

"हेल्मी, धुकं बघ बाहेर. आणि रीत आहे आपली..."

"रीत माणसांनी केली. तळ्यानं नाही केली. गेलेला गेला रे, पण काळ सोकावतो. तीन वर्षं आपण त्या पाण्याला घाबरून लांब राहिलो, आणि ते बसलंय माझा माणूस घेऊन. तू येतोस की मी एकटी जाऊ?"

लायल तिला चाळीस वर्षं ओळखत होता. ही बाई एकदा हट्टाला पेटली की तिच्यापुढे भिंत बरी, भिंतीला निदान दार असतं. तो पुटपुटत उठला आणि त्यानं पावरोटीचे दोन तुकडे खिशात घातले.

धुकं इतकं दाट होतं की होडीच्या नाकापुढचं पाणी दिसेना. दुपारची वेळ, पण उजेड सांजवेळेचा. मुख्य तळ्यावर निदान बदकांचा आवाज होता. अंगठ्याच्या तोंडाशी आल्यावर तोही मागं राहिला आणि वास आला. लायलनं मफलर नाकावर ओढला. हेल्मीनं ओढला नाही.

तिनं आधी वॉलआय माशासाठी छोटा गळ सोडला, पाण्याचा अंदाज घ्यायला. तो तळाला टेकतो न टेकतो तोच मासा लागला. दुसरा लागला, तिसराही लागला. लठ्ठ, सोनेरी अंगाचे आणि काचेच्या गोटीसारख्या पांढऱ्या डोळ्यांचे. तीन वर्षं इथं कुणी हात लावला नव्हता, तेव्हा मासे माजणारच. पण एकही तडफडला नाही. वर आला, होडीत पडला आणि बघत राहिला. हेल्मीनं तिन्ही पाण्यात परत सोडले.

"हेल्मी, झालं समाधान? चल आता."

तिनं मस्कीची जाड काठी काढली आणि आमिष म्हणून वीतभर लांबीचा लाकडी मासा बांधून दूर फेकला.

मस्की हा मोठा मानी मासा. दहा वर्षांच्या पोराएवढा लांब होतो, तोंडात सुयांसारखे दात. गळाच्या मागं मागं थेट होडीपर्यंत येतो, माणसाकडे बघतो आणि तोंड न लावता निघून जातो. म्हणून इकडची माणसं गळ वर घेण्याआधी काठीचं टोक पाण्यात बुडवतात आणि होडीलगत इंग्रजी आठाचा आकडा काढतात, एक फेरा, मग उलटा दुसरा. मागं आलेल्याला वाटतं शिकार निसटते आहे, आणि मग त्याला राहवत नाही. पाण्यात मागं कुणी दिसो न दिसो, आठ काढल्याशिवाय गळ उचलायचा नाही. रेइनोचा जीव बहुधा यातच गेला. थंडीत बोटं बधिर झाली की तो दोरा मनगटाला गुंडाळून आठ काढायचा. गिऱ्हाइकानं तसं केलं तर त्याचा बाप काढायचा, आणि स्वतः मात्र नेमकं तेच करायचा.

पहिल्या फेकीला काही नाही. दुसऱ्या फेकीला पाण्यात खाली काहीतरी काळं हललं. तिसऱ्या फेकीला मासा मागं आला.

तो हेल्मीनं आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या मस्कींपेक्षा मोठा होता. ती आठ काढत होती आणि तो आठामागं फिरत होता. घाई नाही, भूक नाही. एका फेऱ्याला त्याचं डोकं वळलं. त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात लाल रंगाचा लाकडी मासा अडकला होता. अंगावर तीन काळे पट्टे, शेपटीशी भाजल्याचा डाग. तो मासा रेइनोनं तिच्या स्वयंपाकघरात बसून कोरला होता आणि चुलीवर वाळवताना भाजून घेतला होता.

"लायल... हा त्याचा आहे."

लायल वाकला. त्यानंही पाहिला. "शक्य नाही, हेल्मी. तीन वर्षांत गळ गंजून गळून पडतो. रंग तर महिन्यात उडतो. हा... हा काल रंगवल्यासारखा दिसतोय."

मस्की होडीला लागून थांबला. त्यानं तोंड उघडलं. मोठं, पांढरं तोंड. लाल मासा आपसूक सुटला, पाण्यावर तरंगला, आणि मस्की खाली बुडून दिसेनासा झाला. हातातली वस्तू कुणाला देऊन नोकरानं मागं सरावं, तसा तो गेला.

लाल माशाच्या नाकाला दोरा होता, आणि तो दोरा तिरका खाली, खोल पाण्यात गेला होता.

हेल्मीनं हातमोजे काढले आणि दोरा धरला. तिला भीती वाटलीच नाही असं नाही. भीती घशापर्यंत आली होती. पण त्याहून वर राग आला होता. तिनं ओढायला सुरुवात केली. दोरा वावभर आला, दोन वाव आला आणि जड झाला. खाली काहीतरी होतं. दगड नव्हे, ओंडका नव्हे. ओढल्यावर ते थोडं येई, मग थोडं मागं जाई.

"हेल्मी! हात बघ तुझा!"

तिनं पाहिलं. दोऱ्याचे दोन वेढे तिच्या मनगटाला बसले होते. ते तिनं घेतले होते की कसे, ते तिला आठवेना. लायलनं सुरी उपसली, पण तिनं त्याला खांद्यानं ढकललं, वेढे सोडवले आणि दोरा होडीच्या पुढच्या कडीला दोन गाठी मारून बांधला.

"कापायचा नाही," ती म्हणाली. "होडी ओढेल. बघू कोण दमतं."

तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"हेल्मी..."

रेइनोचा आवाज. अगदी त्याचाच, थोडा बसलेला, सिगारेटनं खरवडलेला. पण तो काठावरून येत नव्हता. पाण्याच्या पातळीवरून येत होता, कुणी हनुवटीपर्यंत बुडून बोलावं तसा.

"हेल्मी... चल आता... हेल्मी..."

लायलचे ओठ पांढरे पडले. हेल्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांनी तो आवाज ऐकला होता, ती काही दगडाची नव्हती. क्षणभर तिचा तोल पाण्याकडे गेला. मग ती ताठ झाली.

"लायल, मघापासून होडीत मला हाका कोण मारतंय?"

"मी..."

"आणि 'चल आता' कोण म्हणालं?"

लायल म्हणाला, "मीच."

"तेवढंच कळलंय त्याला. पाण्यावर जे बोललं गेलं तेवढंच." ती होडीत उभी राहिली आणि धुक्याकडे तोंड करून ओरडली, "अरे ए! सोंग तरी नीट घ्यायचं! माझ्या नवऱ्यानं मला उभ्या जन्मात हेल्मी म्हटलं नाही! म्हातारी म्हणायचा तो मला, म्हातारी! तुझ्या बापाला जमणार नाही तो आवाज! तो माझा आहे, आणि मी त्याला घेऊन चाललेय. अडव हिंमत असेल तर!"

आवाज थांबला. सगळंच थांबलं. होडीच्या बुडाला लागणारं पाणीसुद्धा.

"कशाला सांगितलंस त्याला?" लायल कुजबुजला.

"इंजिन चालू कर."

अंगठ्यातून बाहेर पडायला एरवी लागतो त्याच्या चौपट वेळ लागला. इंजिन गुरगुरत होतं, होडीचं नाक दोऱ्याच्या बाजूला वळत होतं, आणि पुढची कड दोनदा पाण्याला टेकली. हेल्मी पुढं बसून कडीवर हात ठेवून शिव्या देत होती. फिनिश भाषेतल्या तिच्या आजीच्या शिव्या, लायलला न कळणाऱ्या. खाडीचं तोंड ओलांडलं आणि ओढ एकदम हलकी झाली. दूर बदकं ओरडली. ते ऐकून लायल रडला आणि त्यानं ते लपवलंही नाही.

हेल्मीच्या धक्क्याशेजारच्या उथळ पाण्यात त्यांनी रेइनोला वर घेतलं. गार पाण्यानं त्याला राखलं होतं. चौकटीचं लोकरी जाकीट, दाढी, सगळं ओळखू येत होतं. उजव्या मनगटाला त्याच्याच गळाच्या दोऱ्याचे वेढे होते. हेल्मीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "आलास," ती म्हणाली, "आलास बाबा," आणि ती मोठ्यानं रडली.

दुसरा दोर लायलला दिसला. तो रेइनोच्या डाव्या मनगटाला होता. काळा, करंगळीएवढा जाड, वेणीसारखा पिळलेला. नायलॉनचा नव्हे, सुताचा नव्हे. त्याची गाठ कुठल्याही वाटाड्याला मारता येईल अशी नव्हती, आणि त्याचं दुसरं टोक सरळ तळ्यात गेलं होतं. दोर ताणलेला होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हेल्मीनं सुरी घेतली. तो दोर कापायला फार वेळ लागला. कापताना त्यातून तोच नासका वास येत होता. शेवटचा पीळ तुटला तेव्हा तुटलेलं टोक सटकन गेलं नाही. ते उथळ पाण्यात हळूहळू मागं सरलं. थांबलं. मग त्यानं एक फेरा घेतला, आणि उलटा दुसरा. पुन्हा एक, पुन्हा उलटा. मग ते खोल पाण्यात गेलं.



"मागं आलेल्यासाठी... आपण असंच करतो," लायल म्हणाला.

"ठाऊक आहे मला." हेल्मीनं रेइनोचे केस मागं सारले. "इतकी वर्षं माझा माणूस गळाला लावून बसलं होतं. मी आले मागं, थेट होडीपर्यंत. पण आमिष घेऊन आले आणि गळ ठेवला तिथंच. आता बसू दे बोंबलत."

शेरीफची माणसं आली, कागद झाले. काळ्या दोराबद्दल दोघंही बोलले नाहीत, कारण मनगटावर राहिलेला त्याचा तुकडा माणसं यायच्या आतच विरघळून पाणी झाला होता. त्याच रविवारी टेकडीवर रेइनोला पुरलं. लाल लाकडी मासा हेल्मीनं त्याच्या जाकिटाच्या खिशात घातला आणि दगड स्वतः हात लावून बसवला. पाद्री म्हणाला, देवाची कृपा. ती म्हणाली, "निम्मी त्याची, निम्मी माझी," आणि लायलला तिथंच हसू आवरेना.

धक्का काढायचा राहूनच गेला होता. जेवणं आटोपून पाहुणे गेले तशी हेल्मी काळ्या कपड्यांतच धक्क्याच्या काठाकडच्या टोकाशी जाऊन बसली. लायल गाडीतून साखळी आणायला चढावर गेला. तळं पालटून झालं होतं. वास गेला होता, पाणी स्वच्छ होतं, ऊन उतरत होतं. तीन वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"म्हातारे..."

फळ्यांच्या खालून.

हेल्मी दचकली नाही. याची ती वाटच बघत होती म्हणा ना. "आमिष बदललंस होय?" ती पाण्याला म्हणाली. "ते तर मीच शिकवलं तुला. जा, दुसरं काहीतरी शोध."

पाणी गप्प झालं. ती खुदकन हसली. उठावं म्हणून तिनं गुडघ्यावर हात ठेवला आणि चढाकडे पाहिलं, लायल आला का ते. गावातल्या घरांवर धूर वर चढत होता. कुणीतरी संध्याकाळची कॉफी करत असणार.

"म्हातारे, मीठ!"

मघाचा आवाज खोल होता. हा तसा नव्हता. हा थोडा चिडका होता, झोपेतून उठलेल्या माणसाचा, रोजच्या सकाळचा. आणि चौतीस वर्षांची सवय. हेल्मीनं विचार करायच्या आत तिच्या तोंडून शब्द गेले,

"हात मोडलेत का? उठून घे."

मग ती गार पडली. मिठाची गोष्ट तिनं पाण्यावर कधी काढली नव्हती. ती बोलली होती ती घरात, चार भिंतींच्या आत. ती फक्त तिला ठाऊक होती, लायलला ठाऊक होती... आणि रेइनोला. टेकडीवर ताज्या मातीचा ढीग इथूनही दिसत होता. तिथं तिनं कुणाला पुरलं होतं?

आणि उठून घे, असं ती कुणाला म्हणाली होती?

धक्क्याचं तळ्याकडचं टोक हळूच खाली दबलं. पिंपं कुरकुरली. फळ्यांवरून पाण्याचा पातळ ओघळ तिच्या बुटांपर्यंत आला, ओल्या कपड्यांनिशी कुणी वर चढून यावं तसा.

पळायला वाट होती. काठ चार पावलांवर होता. हेल्मी उठली, तिनं शेजारचं वल्हं दोन्ही हातांत धरलं आणि पाय रोवले. पाठ अजून तळ्याकडे होती.

"ये," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द कापले नाहीत. "माझा असलास तर मीठ मिळेल. नसलास तर हे वल्हं आहे."

चढावरून साखळीचा खणखणाट आला आणि मध्येच थांबला. लायल उताराच्या माथ्यावर उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या मागं बघत होता.

"हेल्मी," तो अगदी हळू म्हणाला, "तुझ्याबरोबर कोण आहे धक्क्यावर?"